चौघांचा स्पेअर

१

जीवनराव, बसा. पंखा तुमच्याकडं फिरवतो. चहा सांगितलाय. तोवर मला एक सांगा: बेलभंडार उचलून शपथ घेणारा एक आणि नुसता तोंडानं शब्द देणारा एक, असे दोघं समोर उभे राहिले तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल?

लगेच बोलू नका. आधी ऐका.

तुम्ही चौघांच्या स्पेअरमध्ये भागीदार व्हायला आलात. सोनपेठच्या महारुद्रअप्पांची जागा रिकामी आहे, हे तुम्हाला मोंढ्यात कळलं असणार. ती रिकामी कशी झाली, ते मोंढ्यात कुणी सांगायचं नाही. म्हणून मी सांगतो. मग सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी काही इंजिनिअर नाही. बोअरचे स्टार्टर दुरुस्त करत होतो. बंद पडलेल्या कारखान्यांची पॅनेलं भंगारात घ्यायची, उघडून बघायची, कळेपर्यंत बघायची. त्यातून हे दुकान उभं राहिलं. पहिला कंट्रोलर विकला तो गृहस्थ दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, "बन्सीशेठ, ह्यो तर आवाजच करत न्हाई. बिघडलेला दिला का काय?" म्हटलं, "बाबा, आवाज करणाऱ्यांना हा कामाला लावतो. स्वतः गप राहतो." माणूस खूश होऊन गेला.

तर कंट्रोलर म्हणजे विटेएवढा डबा. जिनिंगमधली कोणती मोटर कधी फिरायची, रुईची गठाण दाबणारा प्रेस कधी खाली यायचा, कधी थांबायचा, सगळं तो ठरवतो. तो जळला की अख्खा कारखाना उभा. नवा यायला पंधरवडा लागतो, आणि सीझनमध्ये पंधरवडा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दारातल्या कापसाच्या गाड्या दुसऱ्याच्या दारात जातात, आणि एकदा गेलेली गाडी परत येत नाही.

म्हणून चार जिनिंगवाल्यांनी मिळून एक स्पेअर घेतला. चौघांचे प्रेस एकाच कंपनीचे, त्यामुळं एकच डबा चौघांना चालतो. तो माझ्या कपाटात राहतो. दर मंगळवारी दुकान झाडून झालं की मी त्याला थोडा वेळ करंट देतो, नाहीतर महिनोन्‌महिने पडून आतली बॅटरी उतरते आणि तो सगळं विसरतो. मग पुन्हा खोक्यावर माझं सील. नियम एकच: ज्याचं मशीन आधी थांबेल, त्यानं न्यावा. कुणाचं आधी थांबलं, हे ज्याच्या त्याच्या शब्दावर.

२

नियम ठरला त्या दिवशी सगळे इथंच बसले होते. मानवतचे दोघं, महारुद्रअप्पा, आणि पोखर्णीच्या रस्त्यावरचा धम्मानंद. धम्मानंदची जिनिंग चौघांत लहान आणि सगळ्यांत नवी. त्याचे वडील दुसऱ्याच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचे. अप्पांना हे ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक आहे हे ते विसरू देत नसत.

अप्पांनी बेलाची पानं आणि भंडारा मागवला. तिघांनी उचलला. धम्मानंद म्हणाला, "माझ्यात हे न्हाई अप्पा. मी शब्द देतो, तेवढा धरा."

अप्पा हसले. "नुसत्या शब्दाला काय वजन असतंय रे? काट्यावर घालून बघावं का?"

"घाला की," धम्मानंद म्हणाला. "काटा तेवढा तुमच्या जिनिंगचा नको."

सगळे हसले. अप्पाही हसले, पण जरा उशिरा.

पहिल्याच सीझनला धम्मानंदचं आणि मानवतच्या एकाचं मशीन एकाच सकाळी बंद पडलं. मला पहिला फोन आला धम्मानंदचा. म्हणाला, "शेठ, मी चौकशी केली. त्यांचं माझ्या आधी थांबलंय. त्यांना द्या." आणि हा पठ्ठ्या नवा डबा येईपर्यंत हात बांधून बसला.

गेल्या सीझनची गोष्ट. ऐन कापसाची गर्दी. सकाळी अप्पांचा फोन: "बन्सीशेठ, आमचा कंट्रोलर गेला. माणूस पाठवायलोय, स्पेअर द्या." दिला. दुपारी धम्मानंदचा फोन आला. व्होल्टेज चढलं, डबा जळला, फाट्यापर्यंत गाड्या उभ्या. म्हटलं, "अप्पांनी नेला रे सकाळीच." त्यानं किती वाजता नेला ते विचारलं. मग म्हणाला, "मग त्यांचा हक्क हाय. बघतो मी काहीतरी."

त्यानं काय बघितलं, तर पंपाचा चुंबकी स्विच लाकडी काठीनं दाबून प्रेस चालवायला घेतला. रुई जिच्यात दाबली जाते त्या पेटीत ती अडकली. त्यानं काठी सोडली, पंप बंद झाला, दार उघडून तो आत उतरला. एरवी दार उघडलं की कंट्रोलरवर दिवा लागतो आणि प्रेस हलत नाही. पण कंट्रोलर होताच कुठं? काठीनं दाबून दाबून अर्धवट चिकटलेला तो स्विच आपोआप पुन्हा लागला आणि धम्मानंद आत असतानाच प्रेस खाली आला.

दोन दिवसांनी कळलं, त्या दिवशी सोनपेठहून अप्पांच्या गठाणींचे ट्रक रोजच्यासारखेच निघाले होते.

३

मला राग येतो तेव्हा मी आणखी गोड बोलतो. धंद्याची सवय. अप्पांना मी एक शब्द बोललो नाही. वाट बघत राहिलो.

महिन्याभरात अप्पांचा कंट्रोलर खरोखरच जळला. फोन आला, "बन्सीशेठ, स्पेअर आमच्याकडंच हाय, बसवायला तेवढं या." मी मुद्दाम स्वतः गेलो. मला खोकं बघायचं होतं.

त्यांच्या फिटरनं, नागनाथनं, खोकं आणून टेबलावर ठेवलं. माझं सील जसंच्या तसं होतं. उघडलंच नव्हतं.

मी सीलवरून अंगठा फिरवला आणि अप्पांकडं बघितलं. अप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी आमचं पुन्हा चालू झालं आपोआप. मग परत पाठवायचं राहून गेलं."

"होतं असं," मी म्हटलं.

बसवला. नागनाथनं बटण दाबलं. मोटरी लागल्या, पट्टा फिरायला लागला, प्रेसनं पहिली गठाण बाहेर टाकली. अप्पा ऑफिसातून उठून शेडमध्ये आले, आणि प्रेस जागच्या जागी थांबला.

मी पॅनेल उघडलं. डब्यावर बारीक हिरव्या दिव्यांची रांग असते. पाच नंबरचा दिवा लागला होता. पाच नंबर म्हणजे पेटीचं दार उघडं. कामगार त्याला आपल्या भाषेत म्हणतात, "आत माणूस हाय."

दार तर बंद होतं. नागनाथनं हात लावून बघितलं, कडी हलवली. कडी पक्की.

अप्पा वैतागून बाहेर गेले. दिवा विझला. प्रेस आपला चालू.

४

पहिल्या दिवशी मी म्हटलं, अप्पांचा मोबाईल असेल. मोठा फोन, त्याची लहर लागत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांना मोबाईल बाहेर ठेवायला लावला. आत पाय टाकला, दिवा लागला. मग हातातलं कडं काढलं, अंगठ्या काढल्या, पट्ट्याचं बक्कल काढलं. एका हातानं पँट धरून शेडमध्ये उभे असलेले महारुद्रअप्पा मी बघितले आहेत, जीवनराव. मला आतून फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

मग वाटलं, फरशी. एवढा जाड माणूस, चालताना कुठंतरी फरशी दबत असेल, दाराचा स्विच हलत असेल. त्यांच्याहून जड दोन हमाल त्याच वाटेनं चालवले. प्रेस चालूच. अप्पा आले, बंद.

कामगारांना तर खेळच झाला. फाटकात अप्पांची गाडी दिसली की एकजण ओरडायचा, "मालक आले रे, जेवायची सुट्टी!" आणि खरंच सगळं थांबायचं. नागनाथ तोंडावर म्हणाला, "अप्पा, तुमी घरीच बसा बरं. तुमी न्हाई आले की लय माल निघतोय."

अप्पा चिडले. "गप रे! बन्सीशेठ, ती पाच नंबरची वायरच काढून टाका. तो दिवाच नको."

अप्पांना फाटकाबाहेर उभं केलं. मी वायर काढली आणि तिचं उघडं टोक चिमटीत धरलं. आता त्या दिव्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. वायर नाही तर दिवा नाही, एवढं तर माझ्या धाकट्या नातीलाही कळतं. नागनाथनं फाटकाकडं हात केला. अप्पा आत आले.

वायर माझ्या चिमटीत होती, आणि दिवा लागला.

प्रेस बंद, मोटरी बंद. सरकीच्या ढिगावर कबुतरं चालत होती, त्यांच्या पायांचा आवाज येत होता. मी मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि पेटीचं दार उघडलं. आत नुसती रुई. भुसभुशीत, भरलेली. फक्त एका कोपऱ्यात ती दबलेली होती, कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं असावं तशी. आम्ही बघत असतानाच ती हळूहळू वर आली आणि सपाट झाली. गादीवरून माणूस उठला की गादी येते, तशी.

नागनाथ माझ्या कानाशी म्हणाला, "उंदीर असंल."

"असेल," मी म्हटलं.

५

पुढं पुढं तो दिवा अप्पांना लांबूनच ओळखायला लागला. आधी फाटकातून, मग रस्त्याच्या वळणावरून, मग ते गावातल्या घरी जेवायला बसलेले असले तरी. अप्पा सोनपेठमध्ये असले की प्रेस बंद, लातूरला लेकीकडं गेले की चालू. माणसाला स्वतःच्या गावात राहायची सोय उरली नाही. मला फोनवर म्हणाले, "दुसरा डबा आणा हो, काय लागंल ते देतो." मी मागवला. आला, बसवला, तर तो सुरूच होईना. तोच माझ्या दुकानात आणला की छान चालायचा. म्हटलं, "अप्पा, ह्याच्यावर माझ्याकडं इलाज नाही. ज्यांच्याकडं असेल त्यांच्याकडं जाऊन बघतो."

मी धम्मशीलाताईंकडं गेलो. धम्मानंदची बायको. जिनिंग आता त्याच चालवतात. शेडमध्ये उभ्या राहून कापसाची ओल बघत होत्या. मी सगळं सांगितलं, पेटीतल्या रुईसकट. त्यांनी मूठभर कापूस दाबला, सोडला, ढिगात टाकला.

"बन्सीदादा, मला त्यांचा पैसा नको का पाया पडणं नको," त्या म्हणाल्या. "अख्खा तालुका म्हणतोय, धम्मानंदला घाई नडली. माझी लेक शाळेत हेच ऐकायलीय. घाई कुणामुळं झाली, ते त्यांनी सांगावं. हितं, ह्या शेडमध्ये, चौघांसमोर. 'माझं मशीन थांबलं नव्हतं.' एवढंच. त्यांच्या तोंडानं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी काय करणार दादा?" त्या म्हणाल्या. "मी तर काहीच करत न्हाई."

अप्पांना निरोप दिला. ताईंचे शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मग म्हणाले, "येतो."

६

ठरल्या दिवशी सकाळी अप्पांनी मला सोनपेठला बोलावून घेतलं. निघण्याआधी एकदा जिनिंग बघायची म्हणाले. लातूरहून थेट आले होते. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. फाटकाबाहेर त्यांनी गाडी थांबवली आणि कान दिला.

प्रेस चालू होता.

आम्ही आत गेलो. चालू. अप्पा शेडमध्ये गेले, प्रेसला खेटून उभे राहिले, पेटीच्या दारावर हात ठेवला. प्रेस खाली आला, वर गेला, गठाण बाहेर पडली. मी पॅनेल उघडलं. पाच नंबरचा दिवा विझलेला होता.

"गेलं!" अप्पा ओरडले. नागनाथच्या पाठीत थाप मारली, मला मिठी मारली. "बन्सीशेठ, गेलं की हो! आत कुणी न्हाई!"

निघालो तरी. गाडी अप्पाच चालवत होते, मी शेजारी. गंगाखेडपर्यंत ते शिट्टी वाजवत होते. गोदावरीचा पूल दिसायला लागला तशी शिट्टी थांबली आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"उतरा, बन्सीशेठ."

"अप्पा, तिथं सगळे वाट बघायलेत."

"बघू द्या. जे गेलं ते गेलं. आता कशाला उगं चौघांत इज्जत घालवू? त्या बाईला सांगा, तब्येत बरी न्हाई."

"तुम्ही बेलभंडार उचलला होता."

"तिच्या नवऱ्यानं उचलला न्हवता ना?" अप्पा म्हणाले. "मग त्याच्याशी माझी कसली शपथ? उतरा."

मी उतरलो. दार लावलं.

आताच्या गाड्या कशा असतात तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करते. मी बाहेर उभा, ती सीट रिकामी, आणि गाडी टिंगटिंग करत होती. अप्पांनी सीटवर हात आपटला, चाचपून बघितलं. टिंगटिंग थांबेना. त्यांनी काच खाली केली. "तुमी काय ठिवलं का हितं?"

"काही नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. दिवा म्हणत होता, आत माणूस आहे. दिवा विझला, म्हणजे आत माणूस नाही. मग तो बाहेर आला.

खट् असा आवाज झाला. बक्कल बसल्याचा. टिंगटिंग थांबली.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना शेजारी बघायचं नव्हतं. त्यांचे डोळे "दार उघडा" म्हणत होते, आणि दार उघडायला माझा हात वर गेला नाही, जीवनराव. सीटच्या पाठीवरून तो काळा पट्टा आडवा, ताणलेला होता. मध्ये काहीच नव्हतं. तरीही तो सीटला चिकटलेला नव्हता. हातभर पुढं, छातीएवढा गोल होऊन थांबला होता.

गाडी वळली आणि सोनपेठच्या दिशेनं गेली. हळू. लग्नाला निघालेली गाडी जाते तशी.

७

मी एसटीनं पोखर्णीच्या फाट्यावर उतरलो. शेडमध्ये मानवतचे दोघं बसले होते, धम्मशीलाताई उभ्या होत्या. मी म्हटलं, अप्पा आले नाहीत. मानवतचा एकजण म्हणाला, "वाटलंच होतं."

मग ताईंचा मोबाईल वाजला. अप्पांचं नाव. त्यांनी स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

आवाज अप्पांचाच होता, पण अंगावर मोठं ओझं असल्यासारखा, एकेक शब्द पिळून काढलेला. "माझं... मशीन... थांबलं नव्हतं." मग दम खाल्ला. "मी खोटं बोललो. माझं मशीन थांबलं नव्हतं." मग पुन्हा तेच. मग पुन्हा. दर वेळी आवाज आधीपेक्षा बारीक, दोन शब्दांमधली जागा कमी. मागं काहीतरी करकरत होतं, दोर आवळताना करकरतो तसं.

मानवतचे दोघं उठून उभे राहिले. ताई खाली वाकल्या, फोनजवळ तोंड नेलं आणि घरात हाक मारावी इतक्या हळू म्हणाल्या, "अहो. ऐकलं सगळ्यांनी. आता सोडा त्यांना."

पलीकडं शांत झालं. करकर थांबली. आम्हाला वाटलं, सुटले.

मग एकदाच, जोरात, आवळल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

गाडी सोनपेठच्या अलीकडं एका शेताच्या कडेला सापडली. कुठं आदळलेली नव्हती, काचेला ओरखडा नाही. इंजिन चालू होतं. दोन्ही पट्टे लावलेले. अप्पा आपल्या जागी बसलेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. घरच्यांनीही तेच मानलं. पण अंघोळ घालायला नागनाथ होता. तो परत आला ते दोन दिवस कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी इथं येऊन बसला आणि म्हणाला, "शेठ, गाडीचा पट्टा छातीवर एकच असतोय ना?"

म्हटलं, हो.

"अप्पांच्या अंगावर गळ्यापासून मांड्यांपर्यंत वळ होते. सारख्या अंतरावर. आपण गठाणीला पट्ट्या आवळतो ना, तसे."

मी विचारलं नाही किती होते. त्यानंही मोजले नसतील.

स्पेअर मी परत आणला. मानवतचे म्हणाले, नदीत टाका. धम्मशीलाताई म्हणाल्या, "का? त्यानं काय वाईट केलं? मशीन थांबलं तर मला लागंल तो." तेव्हा तो आता पुन्हा चौघांचाच व्हायचा आहे: तिघं आहेत, चौथे तुम्ही. आता तो खोक्याबाहेरच ठेवतो, दर मंगळवारी करंट देतो. दिवे सगळे विझलेले असतात. तुम्ही मघाशी उंबरा ओलांडून आत आलात तेव्हाही मी कपाटाच्या फटीतून आधी तेच बघितलं, राग मानू नका.

सही करायची तर करा, नाही केली तरी आपली ओळख राहील. पण केली तर माझी हात जोडून एकच विनंती आहे. भाव, वजन, सरकीची घट यातलं तुमचं तुम्ही बघा. मात्र ज्या दिवशी मला फोन कराल, त्या दिवशी तुमचं मशीन थांबलं की नाही, आणि थांबलं तर दुसऱ्याच्या आधी थांबलं की नंतर, एवढा हिशोब खरा ठेवा.